‘बघतो’ म्हणणाऱ्यांची संस्था

मंगळवार

ही वही आत्याने मला इथे सोडताना दिली. म्हणाली, "रोज लिही, भिंगरे. निदान लिहिण्यापुरती तरी एका जागी बसशील." रोज लिहायचं असं मीही ठरवलं आणि पहिला आठवडा पेन शोधण्यात घालवला. पेन सापडलं तेव्हा वही सापडेना. वही सापडली तेव्हा तिच्यावर कार्यालयातलं मांजर झोपलं होतं, आणि त्याला उठवायचं माझ्या जिवावर आलं. खरं सांगायचं तर मांजर नसतं तरी मी लिहिलं नसतं. लिहिलं की काय काय केलं नाही ते दिसतं.

भिंगरी हे माझं घरातलं नाव. पायाला भिंगरी लावूनच जन्मले म्हणतात. शिक्षण दोनदा सुरू केलं, दोनदा सोडलं. मग तंबू उभारणाऱ्यांबरोबर हिंडले, होडीवर तिकिटं फाडली, एका डोंगराखालच्या मुसाफिरखान्यात चादरी धुतल्या. कुठे नव्याचे नऊ दिवस धड भरले नाहीत.

आता कामाचं. ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहे. नोकरीत मुरलेल्या सरकारी माणसांना इथे नव्या पद्धतीचं काम शिकवतात. वर्ग आहेत, शिकवणारे आहेत. पण आलेल्या माणसाने राहायचं कुठे, जेवायचं काय, दिवा गेला तर सांगायचं कुणाला, याचा सगळा गोंधळ. या गोंधळाला कागदावर ‘सहाय्य सेवा’ म्हणतात, आणि तो आता एका बाहेरच्या कंपनीकडे सोपवायचा आहे. दोन कंपन्यांची चुरस आहे. एक मोठी, तिच्या माणसांना एकसारखे कोट आहेत. दुसरी आत्याची. तिच्यात आत्या, आत्याची खोकणारी गाडी आणि आता मी.

मोठी कंपनी आली तर स्वतःची माणसं आणणार आणि इथली हंगामी माणसं घरी जाणार. आत्या म्हणते, आहेत त्याच माणसांना घेऊन चालवू. संचालकसाहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि आत्याला म्हणाले, "महिनाअखेरीस एक चाचणी तुकडी बोलावतो. तुम्ही आराखडा करा, आठवडाभर चालवून दाखवा. जमलं तर काम तुमचं."

आराखडा मी करायचा! मी म्हटलं, "आत्या, मला आराखडा या शब्दातला ‘ख’ सुद्धा नीट काढता येत नाही." तर म्हणाली, "तू जितक्या ठिकाणी झोपली आहेस ना, तितक्या ठिकाणी माझी गाडीसुद्धा बंद पडलेली नाही. आलेल्या माणसाला काय लागतं ते लिही."

स्वयंपाकघरातल्या मावशी मात्र दूध प्यायला आलेल्या बोक्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघतात. मी त्यांचं काय घोडं मारलंय कळत नाही.

गुरुवार

वसतिगृहाच्या जिन्यातला दिवा गेलाय. परवा मी दरवानकाकांना सांगितलं. म्हणाले, "बघतो." काल वायरमनला सांगितलं. "बघतो." आज भांडाराच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला असतात, ज्यांना सगळे किल्लीवाले म्हणतात, त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला, जिन्याकडे मान वळवली आणि म्हणाले, "हो, बघतो."

संध्याकाळी मी जिन्यात बसले होते (आराखडा लिहायला बसले होते, पण भिंतीवर पालीची शिकार रंगात आली होती). तेवढ्यात तिघे एकामागून एक आले. दिव्याखाली उभे राहिले. वर बघितलं. गेले.

म्हणजे बोलल्याप्रमाणे बघतात, एवढं खरं.

आमच्या बाबांचाही हाच शब्द. लहानपणी सहलीला जायचं? बघतो. समुद्र बघायचा? बघतो. त्यांच्या ‘बघतो’चा अर्थ नाही असा असतो, हे मला बोलता यायच्या आधी कळलं असावं. बाबा वजन-मापे खात्यात आहेत, दुकानदारांचे तराजू तपासतात. जन्मात कुठे मुक्कामाला गेले नाहीत, कारण स्वतःच्या उशीशिवाय त्यांना झोप लागत नाही. आणि उशी घेऊन फिरणं त्यांना कमीपणाचं वाटतं. अशा माणसाला माझ्यासारखी मुलगी व्हावी! मी दुसऱ्यांदा शिक्षण सोडल्यापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेली असले तरी. "तिला विचार, भात हवा का." "त्यांना सांग, नको." आई बिचारी मध्ये बसून दोन्हीकडचा भात थंड करते.

शनिवार

आत्या आली. आराखडा वाचला. मी त्याला नाव दिलंय, ‘माणूस दारात आला, मग काय?’ दारातून सुरुवात केली आहे. त्याच्या हातात पिशवी असणार, ती कोण घेणार? त्याला आधी तहान लागलेली असणार की त्याला आधी हात-तोंड धुवायची जागा हवी असणार? खोलीत शिरल्यावर दिव्याचं बटण अंधारात सापडतं का? बिछान्यावर पडल्यावर त्या बटणाला हात पोचतो का? घरी फोन करायचा तर आडोसा आहे का? पन्नाशीच्या माणसाला शिकताना काही कळलं नाही तर ते तो वर्गात विचारणार नाही, जेवताना शेजाऱ्याला विचारेल. म्हणून जेवणाची टेबलं लांबलचक नकोत, छोटी हवीत. असं बरंच.

आत्या म्हणाली, "आराखडा मागितला होता गं. तू प्रवासवर्णन दिलंस."

"चुकलं का?"

"चुकलं कुठे म्हणतेय? पण यात काम कोण करणार ते कुठेच नाही. सगळीकडे ‘व्हायला हवं’, ‘असायला हवं’. आपोआप होणार का? जिन्यातला दिवा लागला?"

"बघतायत."

आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन मिनिटांत नियम शोधून काढला. ज्याच्या तोंडून ‘बघतो’ निघालं, काम त्याचं. ते पुरं होईपर्यंत दुसऱ्या कुणाला विचारायचंच नाही, त्यालाच धरायचं. आत्या खूश झाली. मी त्याहून खूश. दुपारी सगळ्यांना जमवून मी नियम सांगितला. कुणी काही बोललं नाही. शांतता म्हणजे संमती असं समजून मी चहा मागवला.

बुधवार

हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात.

नियम झाल्यापासून या आवारात ‘बघतो’ हा शब्द मेला. दरवानकाका नुसतं "हं" म्हणतात. वायरमन "असं का?" म्हणतो आणि आश्चर्याने निघून जातो. किल्लीवाले म्हणतात, "तुमचं म्हणणं ऐकलं." मावशींना मी म्हटलं, स्वयंपाकघराची खिडकी लागत नाही. तर म्हणाल्या, "मला बाई कमी दिसतं." काल याच मावशींनी तांदळातला खडा दारातून ओळखला होता!

आणि आज सकाळी वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातला नळ निखळला. तिघे तिथून गेले. तिघांनी पाहिलं, पण पाहिलं असं कबूल केलं की काम गळ्यात, म्हणून तिघेही आकाशाकडे बघत पुढे. पाणी बोळातून खोल्यांत शिरलं. चाचणी तुकडीसाठी उन्हात घालून आणलेल्या नव्या गाद्या बोळात रचल्या होत्या. भिजत घोंगडं आजवर ऐकलं होतं, भिजत गादी आज पाहिली.

आणि नेमके साहेब आले. पँट वर धरून पाण्यातून चालत गेले. रागावले नाहीत. तेच वाईट. जाताना म्हणाले, "तुमच्या आत्याबाईंना सांगा, तारीख पुढे जाणार नाही."

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "नियम तुझा होता ना? मग आता तूच सोडव." मी पिशवी भरली. म्हणजे अर्धी भरली. स्टँडवर कुठल्या गाड्या कधी सुटतात ते मला पाठ असतं, कुठेही गेले तरी आधी तेच पाठ करते. मग एक मोजा सापडेना, आणि मोजा शोधता शोधता गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्यांपाशी पोचले. तिथे वायरमन एकटाच गाद्या उलटत होता. कुणी सांगितलं नव्हतं. मीही एक टोक धरलं.

गुरुवार

काल गच्चीवर झालेलं बोलणं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

मी वायरमनला म्हटलं, "दादा, दिवा बदलायला पाच मिनिटं लागतात. मग नुसतं ‘बघतो’ का म्हणायचात?"

तो म्हणाला, "ताई, आम्ही खरंच बघायचो. तेवढंच करायची परवानगी आहे."

"म्हणजे?"

"दिवा आहे भांडारात. भांडाराला कुलूप. किल्ली काढायची तर अर्ज. अर्जावर तीन सह्या. तिसऱ्या सहीचे साहेब बदलून गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मग करायचं काय? बघायचं. निदान समोरच्याला वाटतं, कुणीतरी बघतंय."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही नियम केलात." गादी झटकून म्हणाला, "आणि खरं सांगू? सगळ्यांना वाटलं, कुणाला काढायचं त्याची तयारी चालली आहे. जो ‘बघतो’ म्हणेल आणि ज्याचं होणार नाही, त्याला पहिला नारळ. मावशी तर त्या दिवसापासून धड जेवल्या नाहीत."

मला वाटत होतं, मावशींना मीच आवडत नाही.

आज सकाळी आधी स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "मावशी, कुणाला काढायचं नाही म्हणूनच तर आत्या भांडतेय. आपण हरलो तर सगळेच जाऊ, मी धरून." मावशी कणीक मळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू पण?" "मी पण." त्यावर त्यांनी मळता मळता कोपराने एक पाट माझ्याकडे सरकवला. बसले.

मग किल्लीवाल्यांकडे, भांडाराची दुसरी किल्ली वायरमनला द्या म्हणायला. ते वाईट नाहीत. त्यांना भीती आहे. म्हणाले, "मुली, किल्ली माझ्या कमरेला आहे म्हणून मी सुखात आहे असं वाटतं का तुला? वस्तू गेली तर उत्तर मी द्यायचं. तू आज आहेस, उद्या नाहीस. दुसरी किल्ली वायरमनला दिली आणि पुढच्या वर्षी काही कमी भरलं, तर कोण बघणार?"

"मी बघते," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नियम ठाऊक आहे ना? तुझाच आहे."

"हो."

"पुढच्या वर्षीसुद्धा?"

"हो हो." मला घाई होती, बाहेर मांजर कबुतराच्या मागे लागलं होतं.

ते हसले. का हसले कळलं नाही. पण कमरेच्या जुडग्यातून किल्ली सोडवली, मला घेऊन साहेबांकडे गेले आणि स्वतःच म्हणाले, "साहेब, दिवा, नळ, बिजागरी असल्या गोष्टींना तिसरी सही नको. ही मुलगी बघते म्हणालीय."

साहेबांनी विचारलं, "बघते म्हणजे?"

किल्लीवाले म्हणाले, "म्हणजे करते, साहेब. तिच्यापुरता अर्थ बदललाय."

नियमही बदलला. ‘बघतो’ म्हणणाऱ्याचं काम, पण किल्लीही त्याच्याच हातात, आणि मदतीला हाक मारली तर नाही म्हणायचं नाही. जिन्यातला दिवा अकराच्या चहाआधी लागला. सगळे पुन्हा खाली उभे राहून वर बघत होते, पण या वेळी तोंडं वेगळी होती.

रविवार

आईचा फोन. आज तिने फार विचित्र चौकशा केल्या.

"तिकडे उशा कशा आहेत गं?"

"उशा? बऱ्या आहेत. का?"

पाठीमागे कुणीतरी खाकरलं. आई म्हणाली, "कापसाच्या की त्या फुगीर?"

"फुगीर. पण मी लिहिलंय आराखड्यात की कुणी स्वतःची उशी आणली तर त्याला हसायचं नाही. दरवानकाकांना मुद्दाम सांगून ठेवलंय."

आई फोनवर हात ठेवून पलीकडे काहीतरी बोलली. "आणि शिकवताना काही आलं नाही तर रागावतात का?"

"कुणावर? तुला काय करायचंय आई?"

"विचारलं आपलं. तू तिथे किती दिवस आहेस?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षी भांडार मोजायचंय, तेव्हा असेनच. आईने ते वाक्य मोठ्याने परत म्हटलं, जणू खोलीत अजून कुणाला ऐकू जायला हवं होतं. वयाने तिला कमी ऐकू येतंय की काय?

मीच मग म्हटलं, "बाबांना सांग, त्यांच्या खात्यातले दोघेतिघे येणार आहेत तुकडीत. त्यांनीही यावं." आईने विचारलं. पलीकडून उत्तर आलं, मला स्पष्ट ऐकू आलं.

"बघतो."

झालं. अर्थ ठाऊकच आहे.

शुक्रवार

हे चार दिवस लिहायला झालं नाही, कारण खरोखर काम होतं. खोल्या झाल्या. बटणं वायरमनने बिछान्याशेजारी आणली. मावशींनी छोटी टेबलं स्वतः मांडली आणि वर मलाच ऐकवलं, "लांब टेबलावर माणूस वाढप्याकडे बघतो, छोट्यावर माणसाकडे." हे मीच लिहिलं होतं! पण त्यांच्या तोंडून बरं वाटलं. दरवानकाका पिशवी घ्यायचा सराव माझ्यावर करतात. मी आवाराबाहेर जाते आणि परत येते, ते म्हणतात, "या, या. प्रवास कसा झाला?" काल मी म्हटलं, "लांबचा होता हो." म्हणाले, "मग आता बसा."

पण आज साहेबांनी आत्याला आणि मला बोलावलं. तुकडीत वीस जण हवेत. एकोणीस झालेत. विसावा आजारी पडला.

आत्या म्हणाली, "एकाने काय बिघडतं?"

"तुमचं-माझं नाही बिघडत, आत्याबाई. नियमाचं बिघडतं. विसापेक्षा कमी असले तर तुकडी रद्द. आणि रद्द झाली तर चाचणी झालीच नाही असं धरून काम दुसऱ्या कंपनीकडे जाईल. हे माझ्या हातात नाही." मग म्हणाले, "कोणत्याही खात्यातला कुणीही चालेल. आपल्या वरिष्ठांचं पत्र घेऊन सोमवारी पाच वाजेपर्यंत दारात स्वतः हजर झाला तरी घेईन."

आत्याने ओळखीच्या सगळ्या कार्यालयांना फोन केले. सगळीकडून एकच उत्तर. बघतो.

सोमवार

स्वागतकक्षात बसून लिहितेय. हाताला काही काम नसलं तर मी नखं खाते, म्हणून वही.

दुपारपासून एकोणीस जण आले. एकेकाची पिशवी दरवानकाकांनी घेतली. एका ताईंना दारातच रडू आलं, घर सोडून पहिल्यांदा राहणार म्हणे. त्यांना मावशींनी आत नेलं, आता दोघी मिळून कांदा चिरतायत, म्हणजे रडायला कारण झालं. एका गृहस्थांनी खोलीतलं बटण चार वेळा लावून-मालवून पाहिलं आणि खाली येऊन वायरमनचा हात हातात घेतला. नुसता हातच घेतला. किल्लीवाले बोळात खुर्ची टाकून बसलेत, कुणाला काही लागलं तर.

सगळं जमलंय. सगळं अगदी जमलंय, आणि एक माणूस कमी आहे.

साहेब समोर बसलेत. घड्याळाकडे बघायचं टाळतायत, म्हणून भिंतीकडे बघतायत. आत्याने दोन वेळा गाडीची किल्ली पर्समधून काढली आणि परत ठेवली. स्टँडवरून पावणेपाचला कुठली गाडी सुटते ते मला पाठ होतं. आता आठवत नाहीय. आठवून बघितलं, खरंच नाही.

आता मोठा काटा वर चढायला लागलाय. साहेब म्हणाले, "आत्याबाई, मला वाटतं..."

दरवानकाका दारातून ओरडतायत. "भिंगरीताई! एक गृहस्थ आलेत. यादीत नाव नाही. वजन-मापे खात्याचं पत्र आहे. मी पिशवी द्या म्हटलं, तर पिशवी दिली, पण काखेतलं काही सोडत नाहीत."

आत्या उठली. माझ्याआधी तिला कळलं. भाऊ तिचा आहे.

"काखेत काय आहे, काका?"

"उशी. मी हसलो नाही हां, तुम्ही सांगितलं होतं. म्हणतायत, तिला विचार, बघतो म्हणालो होतो, म्हणून आलो. तिला म्हणजे कुणाला विचारू?"

मला. मला विचारा.